नादारीचा अर्ज: बेळगाव भागात दिवाळं कोर्टापुढे कसं मांडायचं

गेल्या पावसाळ्यात वडगावातला एक यंत्रमागवाला माझ्याकडे आला आणि त्यानं बिस्किटांचा पत्र्याचा डबा टेबलावर पालथा केला. सोसायटीच्या नोटिसा, फायनान्स कंपनीचं हप्त्यांचं कार्ड, सोनेतारणाची पावती, सुताच्या व्यापाऱ्याची बिलं, न वटलेल्या चेकसोबत आलेला बँकेचा कागद आणि तळाशी भिशीची वही. कानडीतून आलेल्या नोटिसांची पाकिटं त्यानं फोडलीसुद्धा नव्हती. म्हणाला, "अण्णा, आता दिवाळं जाहीरच करून टाकतो. कोर्टात अर्ज दिला की सगळ्यांची तोंडं बंद होतात म्हणे."

सगळ्यांची होत नाहीत. ज्यांची होतात, त्यांचीही अर्ज दिल्याच्या दिवशी होत नाहीत. दिवाळखोरीचा अर्ज म्हणजे कर्जमाफी, ही समजूत आपल्या भागात इतकी पक्की आहे की लोक नको तेव्हा अर्ज देतात आणि हवा तेव्हा त्यांना तो सुचत नाही. या अर्जानं होतं एवढंच: तुमची मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाते, आणि बदल्यात कोर्ट तुमच्या आणि काही घेणेकऱ्यांच्या मध्ये उभं राहतं. हा सौदा कुणाला परवडतो ते आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. मी वकील नाही. शहापूर-वडगावातल्या लहान धंद्यांचे हिशेब लिहितो. त्या डब्यातले आकडे थोडे बदलून पुढे वापरले आहेत.

आधी कायदा कोणता ते

टीव्हीवर ज्या दिवाळखोरी कायद्याची चर्चा होते तो २०१६ चा. त्यात कंपन्यांसाठी एक भाग आहे आणि माणसांसाठी वेगळा. माणसांचा भाग मात्र सर्वांना लागू झालेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त अशा लोकांना लागू आहे, ज्यांनी एखाद्या कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिली आहे. उद्यमबागेतल्या फौंड्रीवाल्यानं प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली, बँकेनं कर्ज देताना त्याची स्वतःची हमी घेतली, तर तो या कायद्यात येतो. त्याचं प्रकरण एनसीएलटीच्या, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या, बेंगळुरू पीठापुढे चालतं. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय कोल्हापुरात असेल तर मुंबईला.

बाकीच्यांना, म्हणजे पगारदार, शेतकरी, किराणा दुकानदार, एकट्याच्या नावावर धंदा करणारा, या सगळ्यांना आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागतो. नव्या कायद्यातलं जुने कायदे रद्द करणारं कलम सरकारनं लागूच केलेलं नाही, आणि लोकांनी जुन्याच कायद्याखाली जावं असं २०१७ मध्ये स्पष्टही केलं. कायदा शंभर वर्षांचा आहे, हे त्यातल्या रकमांवरून लगेच कळतं. मूळ कायद्यात अर्जासाठी किमान कर्ज ५०० रुपये आहे. नोकराचा थकलेला पगार इतरांच्या आधी द्यायचा, पण एकूण २० रुपयांपर्यंतच!

शब्दांचंही थोडं सांगतो, कारण आपल्याकडे कागद तीन भाषांत फिरतात. कोर्टाच्या जुन्या मराठीत दिवाळखोर म्हणजे 'नादार'. जुन्या लोकांना नादारी म्हटलं की शाळेतली फीमाफी आठवते, पण शब्द तोच. कानडीत 'दिवाळी' म्हणजे दिवाळं. सण असतो तो 'दीपावळी'. आणि कानडीत 'साल' म्हणजे कर्ज, वर्ष नव्हे. नोटीस वाचून दाखवणारा 'साल' म्हणाला आणि ऐकणारा वर्षांचा हिशेब करत बसला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. 'जप्ती' मात्र दोन्हीकडे जप्तीच.

पहिली पायरी: डबा रिकामा करा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक कर्जाला एक पान द्या. कुणाचं, कधी घेतलं, मुद्दल किती, आज बाकी किती, तारण काय, जामीनदार कोण, चेक दिलेत का, दावा किंवा हुकूमनामा (दाव्यात कोर्टानं दिलेला वसुलीचा निकाल) झालाय का. बाकीचा आकडा तोंडी घेऊ नका, खातेउतारा मागा. क्रेडिट माहिती कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात, तो काढा. आपण विसरलेलं एखादं कार्ड किंवा मोबाइलवरून घेतलेलं कर्ज त्यात दिसतं. कानडी नोटीस असेल तर शेजारच्या पोराकडून नुसता मजकूर नव्हे, तारीख आणि कलम दोन्ही वाचून घ्या. मुदत तारखेपासूनच मोजतात.

मग पानांचे गठ्ठे करा. आमच्या यंत्रमागवाल्याचे असे झाले: सोसायटीचं घरतारण कर्ज ९ लाख, बँकेचं मागांवरचं कर्ज ६ लाख, सोनेतारण १ लाख ८० हजार. हा तारणाचा गठ्ठा, १६ लाख ८० हजारांचा. हातउसने आणि भिशी मिळून ४ लाख ५० हजार, सुताच्या व्यापाऱ्याचे ३ लाख २० हजार, फायनान्स कंपनीचं पर्सनल लोन २ लाख ३० हजार. हा बिनतारणी गठ्ठा, १० लाखांचा. एकूण २६ लाख ८० हजार.

नादारीचा अर्ज यातल्या पहिल्या गठ्ठ्याला हात लावत नाही. तारणदाराचा तारण विकून पैसे घेण्याचा हक्क कायद्यानं शाबूत ठेवला आहे. घर जाण्याच्या भीतीनं माणूस अर्ज द्यायला निघतो, आणि गहाण घर वाचवण्याची ताकद त्या अर्जात नसते. उलट तारण विकून पैसे कमी पडले तर उरलेली रक्कम बिनतारणी म्हणून रांगेत येऊन बसते. म्हणजे २६ लाख ८० हजारांपैकी अर्जाच्या कक्षेत येणारे फक्त १० लाख. त्यातले ३ लाख २० हजार चेकचे. चेक न वटल्याचा खटला फौजदारी आहे, तो नादारीनं थांबत नाही. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस, त्यानंतर महिन्याभरात फिर्याद असा त्याचा क्रम. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून चेकचं पान मी नेहमी सर्वांत वर ठेवतो. १५ दिवसांच्या आत व्यापाऱ्याच्या दारात जाऊन बसणं कुठल्याही अर्जापेक्षा स्वस्त पडतं.

कोर्टाआधीचे दरवाजे

तारणाच्या गठ्ठ्याचे रस्ते वेगळे आहेत. हप्ता ९० दिवस थकला की बँक खातं थकीत धरते आणि सरफेसी कायद्याखाली, म्हणजे दावा न लावता तारण ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या कायद्याखाली, ६० दिवसांची नोटीस देते. या ६० दिवसांत लेखी हरकत द्या. बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ताबा घेण्याची कारवाई झालीच तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येतं, आपल्याला त्यासाठी बेंगळुरू गाठावं लागतं. शेतजमिनीला सरफेसी लागत नाही. सहकारी बँकांना हा कायदा लागतो का यावर बरीच वर्षं वाद होता. कागल तालुक्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये 'लागतो' असा निकाल दिला. तेव्हा 'सहकारी आहे, चालवून घेतील' या भरवशावर राहू नका.

आपल्याकडे बँकांइतकंच कर्ज सोसायट्यांचं. सोसायटी कर्नाटकच्या १९५९ च्या सहकार कायद्यातली असेल तर वाद सहकार खात्याच्या निबंधकाकडे जातो. बहुराज्य सोसायटी असेल, म्हणजे बेळगावात शाखा आणि कोल्हापुरातही, तर लवादाकडे. लवादाची नोटीस आली की हजर राहा. लोक ती साधं पत्र समजून डब्यात टाकतात, आणि एकतर्फी निवाडा होऊन थेट जप्तीच दारात येते. मी स्वतः एका मित्राला जामीन राहिलो होतो तेव्हा नेमकी हीच चूक केली. नोटीस कानडीत होती, मला कानडी वाचता येतं, तरी 'मूळ कर्जदार बघेल' म्हणून ठेवून दिली. पुढे अकरा महिने माझ्या खात्यातून पैसे गेले.

एकरकमी तडजोड करायची तर लेखी पत्र, रक्कम, तारीख, आणि 'कोणतीही बाकी नाही' असा दाखला देण्याचं कबूल करून घ्या. अशा तडजोडीनंतर क्रेडिट अहवालात खातं 'पूर्ण फेड' नव्हे तर 'तडजोड' म्हणून दिसतं, हे माहीत असू द्या. लोकअदालत हा माझा आवडता दरवाजा. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा, त्यावर अपील नाही, आणि चालू दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण अपील नाही म्हणूनच झेपेल तेवढाच हप्ता कबूल करा. फोटो काढायच्या घाईत मोठा आकडा मान्य करू नका.

वसुलीवाल्यांचा त्रास हे बऱ्याच जणांचं दिवाळखोरीकडे धावण्याचं खरं कारण असतं. त्याला नादारीचा अर्ज हे औषध नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत, नातेवाइकांसमोर अपमान करता येत नाही. आधी त्या संस्थेकडे लेखी तक्रार द्या, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. बायकांच्या संघांमार्फत घेतलेल्या लहान कर्जांचा प्रश्न आपल्या जिल्ह्यात किती पेटला होता ते सगळ्यांनी पाहिलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारनं त्यावर वटहुकूम काढला, पुढे त्याचा कायदा झाला. जबरदस्तीच्या वसुलीला १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड आहे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या संस्था त्याच्या कक्षेबाहेर आहेत, म्हणून कार्डावर संस्थेचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक वाचल्याशिवाय त्यावर विसंबू नका. बिनपरवाना सावकारासाठी मात्र हाच कायदा घेऊन पोलीस ठाण्यात जा.

दुसरी पायरी: अर्ज कोण देऊ शकतो, कुठे

कर्ज फेडता येत नाही, आणि पुढच्या तीनपैकी एक गोष्ट आहे, असा माणूस अर्ज देऊ शकतो: कर्ज ५०० रुपये किंवा जास्त आहे, किंवा पैशाच्या हुकूमनाम्याखाली त्याला अटक झाली आहे, किंवा त्याच्या मालमत्तेवर जप्तीचा हुकूम चालू आहे. आज पहिली अट कुणाचीही पुरी होते, त्यामुळे खरा प्रश्न उरतो तो 'फेडता येत नाही' हे दाखवण्याचा. कर्जदाराच्या स्वतःच्या अर्जात कोर्ट याचा सकृद्दर्शनी पुरावाच पाहतं.

घेणेकरीही तुमच्याविरुद्ध अर्ज देऊ शकतो, तुम्ही 'नादारीचं कृत्य' केल्यापासून तीन महिन्यांच्या आत. घेणेकऱ्यांना चुकवण्यासाठी घर सोडून जाणं हे असंच एक कृत्य आहे. रात्रीत कुलूप लावून गोव्याला किंवा पुण्याला निघून गेलेला माणूस आपण सुटलो समजतो, तो खरं तर समोरच्याच्या हातात कारण देऊन जातो. मालमत्ता मेव्हण्याच्या नावावर करणं हेही त्याच यादीत.

अर्ज जिथे तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथल्या जिल्हा न्यायालयात, किंवा सरकारनं अधिसूचनेनं हे अधिकार दिलेल्या खालच्या कोर्टात. बेळगावकरांसाठी चन्नम्मा चौकाजवळचं कोर्ट आवार. निपाणी, चिक्कोडी, अथणी, खानापूरवाल्यांनी आधी तालुक्याच्या कोर्टात वकिलाकडून चौकशी करून घ्यावी, उगाच हेलपाटा नको. घर खानापुरात आणि दुकान चंदगडला अशी दोन्ही दगडांवर पाय असलेली माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना दोन्हीकडची कोर्टं खुली असतात, पण अर्ज एकाच ठिकाणी द्यायचा. सीमेपलीकडची जमीन लपते असं मात्र समजू नका. चंदगडचा सातबारा आणि खानापूरचा आरटीसी उतारा, दोन्ही यादीत लागतात. तसंच गडहिंग्लजच्या कोर्टाचा हुकूमनामा बजावणीसाठी बेळगावला पाठवता येतो.

वकील परवडत नसेल तर त्याच आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. १५१०० वर फोन करूनही विचारता येतं.

तिसरी पायरी: अर्जात काय लिहायचं

कर्ज फेडता येत नाही हे विधान. राहण्याचा पत्ता. अटक किंवा जप्ती असेल तर कोणत्या कोर्टानं, कोणत्या दाव्यात. सर्व घेणेकऱ्यांची नावं, पत्ते आणि रकमा. सर्व मालमत्ता, तिची किंमत, ती कुठे आहे, आणि जप्तीतून वगळलेल्या गोष्टी सोडून बाकी कोर्टाच्या हवाली करायची तयारी. पूर्वी कधी असा अर्ज दिला होता का, त्याचं काय झालं.

दोन शब्द 'सर्व' वर. इथेच अर्ज बुडतात. मालमत्ता लपवली, हिशेबाच्या वह्या नष्ट केल्या, खोट्या नोंदी केल्या तर हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद. बायकोच्या नावावरचा प्लॉट तुमच्या पैशातून घेतलेला असेल तर वकिलाला आधी सांगा, दुसऱ्या पक्षाच्या वकिलाकडून त्याला कळू देऊ नका. एकत्र कुटुंबातली वाटणी न झालेली जमीन असेल तर तुमचा हिस्सा काय हा प्रश्न निघतोच. वडिलांचा मृत्यू, वारसा नोंद, बहिणींचे हक्क याचे कागद तयार ठेवा.

अर्जाआधी दोन वर्षांत कुणाला बक्षीसपत्र करून दिलं असेल, किंवा मोबदल्याशिवाय नाव चढवलं असेल, तर नादार ठरल्यावर ते रद्द होऊ शकतं. तीन महिन्यांत एखाद्या घेणेकऱ्याला इतरांपेक्षा झुकतं माप देऊन पैसे दिले असतील तर तेही परत मागता येतात. 'आधी घरच्यांचे भागवू, मग अर्ज देऊ' हा सल्ला गल्लीत फुकट मिळतो. तो ऐकलात की घरचेच कोर्टात ओढले जातात.

कोर्टाचं कामकाज कानडी किंवा इंग्रजीत चालतं. मराठी वह्या, भिशीचे हिशेब, हातउसन्याच्या चिठ्ठ्या भाषांतर करून द्याव्या लागतील. प्रतिज्ञापत्रावर सही करण्याआधी वकिलाकडून ओळ न ओळ मराठीत समजून घ्या, लाजू नका. आमच्या माणसाच्या पहिल्या मसुद्यात '३ गुंठे' चे '३ एकर' झाले होते. ते त्याच्या बायकोनं पकडलं, वकिलानं नव्हे.

अर्ज दिल्यापासून हुकुमापर्यंत

अर्ज दाखल झाला की कोर्ट तारीख नेमतं आणि घेणेकऱ्यांना नोटिसा जातात. या काळात आपोआप काहीच थांबत नाही. दावे आणि वसुलीवर बंधन येतं ते नादार ठरवण्याच्या हुकुमानंतर. मधल्या काळासाठी अंतरिम रिसीव्हर, म्हणजे मालमत्ता सांभाळायला कोर्टानं नेमलेला माणूस, मागता येतो. मालमत्तेचा लिलाव तोंडावर असेल तर अर्ज दाखल करून घेतल्याची नोटीस लिलाव करणाऱ्या कोर्टाला विक्रीआधी पोचली पाहिजे, मग ती मालमत्ता रिसीव्हरच्या ताब्यात मागता येते. इथे एक दिवसाचा उशीरही नडतो. एकदा दिलेला अर्ज कोर्टाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही, तेव्हा घेणेकऱ्यांना घाबरवायला म्हणून तो देऊ नये.

तुरुंगाची भीती बऱ्याच जणांना झोपू देत नाही. नुसतं पैसे नाहीत म्हणून दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, ऐपत असून टाळाटाळ केली तरच. सर्वोच्च न्यायालयानं हे १९८० मध्येच स्पष्ट केलं आहे. पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला अटकच करता येत नाही. आणि नादार ठरल्यावर अटकेपासून संरक्षणाचा वेगळा हुकूम मागता येतो. तो मागावा लागतो, आपसूक मिळत नाही.

नादार ठरल्यावर

हुकूम झाला की तुमची मालमत्ता कोर्टाची किंवा रिसीव्हरची. रिसीव्हर बऱ्याचदा वकीलच असतो. तो विकतो, घेणेकऱ्यांची यादी पक्की करतो, प्रत्येकाचं देणं शपथपत्रावर तपासतो आणि हिश्श्यानं वाटतो. सरकारी देणी आणि नोकरांचे ते २० रुपये आधी, दोन्ही बरोबरीनं, मग बाकीचे. सुटका, म्हणजे उरलेल्या देण्यांतून कोर्टानं मोकळं करणं, होण्याआधी वारसा हक्कानं काही मिळालं तर तेही त्याच पेटीत जातं.

काय राहतं ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण. धर्माच्या रूढीनं बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, म्हणजे मंगळसूत्र. कारागिराची अवजारं, शेतकऱ्याची औतं, गरजेपुरती जनावरं आणि बियाणं. शेतकरी, मजूर किंवा घरगडी राहतो ते घर. मजुराची मजुरी. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश. भविष्यनिर्वाह निधी, आयुर्विम्याची रक्कम. पण तारण दिलेल्या वस्तूला ही ढाल नाही. हातमागवाल्याचा माग अवजार म्हणून मागता येईल, बँकेला लिहून दिलेला यंत्रमाग नव्हे.

नादार असताना त्याची कल्पना न देता कुणाकडून ५० रुपये किंवा जास्त उधार घेतलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. किराण्याच्या उधारीलाही हे लागतं! विधानसभा, लोकसभा, स्थानिक संस्था यांच्या निवडणुकीला उभं राहता येत नाही, कंपनीचं संचालक होता येत नाही. ग्रामपंचायतीचं तिकीट डोक्यात असलेल्या दोघांनी एवढंच ऐकून अर्जाचा विचार सोडल्याचं मला माहीत आहे.

सुटका

नादार ठरवतानाच कोर्ट मुदत घालून देतं. तेवढ्यात सुटकेचा अर्ज द्यायचा असतो. तो विसरला तर नादारीचा हुकूमच रद्द होतो आणि सगळे घेणेकरी परत मोकळे. बहुतेक जण इथेच फसतात, कारण तोवर वकिलाची फी थकलेली असते आणि धावपळीनं जीव थकलेला. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

रुपयामागे निम्मे तरी पैसे घेणेकऱ्यांना मिळतील एवढी मालमत्ता नसेल, तर बिनशर्त सुटका मिळत नाही. मात्र हे आपल्या दोषामुळे झालं नाही हे कोर्टाला पटवलं तर ही अट आड येत नाही. धंद्याच्या वह्या तीन वर्षांच्या नीट असणं, दिवाळं निघालंय हे कळूनही उधारीवर धंदा रेटला नसणं, जुगार-उधळपट्टी नसणं हेही बघितलं जातं. नाहीतर सुटका लांबते किंवा पुढच्या कमाईवर अटी येतात. आमच्या माणसाकडे तारणाबाहेरचा ३ गुंठ्यांचा प्लॉट ४ लाखांचा आणि ४० हजारांची मोटरसायकल. १० लाखांच्या देण्यावर रुपयामागे ४४ पैसे. सुताचे भाव आणि बंद पडलेली मागणी याचे कागद लावणं म्हणून त्याच्यासाठी अर्जाइतकंच महत्त्वाचं होतं. दुसरा मार्गही या कायद्यातच आहे: घेणेकऱ्यांची संख्येनं बहुमत आणि रकमेनं तीन चतुर्थांश संमती मिळाली तर कोर्टाच्या मंजुरीनं तडजोडीची योजना सगळ्यांवर बंधनकारक होते.

सुटकेनंही काही देणी जात नाहीत: सरकारी देणी, फसवणुकीतून झालेली, पोटगी. आणि जामीनदार सुटत नाही. तुम्ही मोकळे झालात तरी ज्यानं तुमच्यासाठी सही केली त्याच्या दारात सोसायटी जाणारच. माझा मित्र आजही रस्त्यात भेटतो, आम्ही बोलतो, चहा मात्र घेत नाही.

यंत्रमागवाल्यानं शेवटी व्यापाऱ्याला चेकची फिर्याद न करायला राजी केलं, सोन्याची मुदत वाढवून घेतली आणि बिनतारणी गठ्ठ्यासाठी अर्ज द्यायचं ठरवलं. यादी पक्की करायला दोघं नवराबायको बसली. सतरा नावं झाली, मी खाली रेघ ओढणार तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "वन्संचे चाळीस हजार राहिले की."

तो म्हणाला, "अगं, ती बहीण माझी. ते काय कर्ज आहे? अर्जाआधी देऊन टाकू तिला."

"देऊन टाकलं तर तिच्याच दारात नोटीस येते, अण्णांनी आत्ताच सांगितलं की," वहिनी म्हणाल्या. "लिहा."

मी अठरावं नाव लिहिलं. १० लाखांचे १० लाख ४० हजार झाले, आणि ४४ पैशांचे ४२.